इनडोअर वॉटर पार्कला सहकुटुंब जाताना: कोकणातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की कोकणात मुलांचं पाणी बंद होतं. समुद्र खवळलेला, पऱ्ये तुडुंब, विहिरी काठोकाठ. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद, आणि किनाऱ्यावरचे वॉटर स्पोर्ट्स मेअखेरीस थांबतात ते ऑगस्ट संपेपर्यंत. मुलं घरात कंटाळतात आणि मग "छताखाली पाणी आहे तिथे नेऊ या का?" हा विषय निघतो. मी लहान मुलांना पोहायला शिकवते, त्यामुळे पावसाळ्यात हे प्रश्न मला सतत येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. डोक्यावर छत आलं म्हणून पाण्याचा धोका कमी झाला असं धरून चालू नका, हे मी यात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

इनडोअर वॉटर पार्क म्हणजे नक्की काय?

चारी बाजूंनी बंद मोठं सभागृह, आत स्लाइड, लाटांचा पूल, लहानांचा उथळ पूल, आणि हवा-पाणी दोन्ही यंत्रांनी सांभाळलेलं. ही कल्पना मुळात थंड देशांची. कॅनडात एडमंटनच्या मॉलमधलं वॉटर पार्क १९८६ पासून आहे, आणि तिथे बाहेर बर्फ पडत असताना लोक आत पोहतात. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला 'ट्रॉपिकल आयलंड्स' आहे. एका कंपनीने एअरशिप, म्हणजे वायूच्या फुग्यावर तरंगणारी अवाढव्य जहाजं, बांधण्यासाठी उभारलेला हँगर ती कंपनी बुडाल्यावर रिकामा पडला आणि २००४ मध्ये त्यात हे पार्क सुरू झालं. तो हँगर ३६० मीटर लांब, २१० मीटर रुंद आणि १०७ मीटर उंच आहे. त्या लोकांना छप्पर लागतं थंडीसाठी. आपल्याला थंडीचा प्रश्नच नाही, आपल्याला ते लागतं पावसासाठी. म्हणूनच आपल्याकडे 'इनडोअर' या नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

म्हणजे फसवणूक होते?

फसवणूक म्हणणार नाही, पण फोनवर नीट विचारा. खोपोलीचं इमॅजिका, गोराईचं वॉटर किंगडम ही आपल्या माहितीतली मोठी नावं, आणि तिथला पाण्याचा भाग उघड्यावर आहे. 'इनडोअर' म्हणून जाहिरात असते तेव्हा ते पूर्ण बंद सभागृह असू शकतं, नाहीतर रिसॉर्टच्या पुलावर टाकलेली पत्र्याची शेडही असू शकते. शेड असेल तर कोकणातल्या पावसात झड आत येणार, फरशी ओली राहणार, आणि जोराची सर पत्र्यावर आली की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येणार नाही. लहान मूल "आई" म्हणून ओरडलं तर कळणार कसं, हा विचार करून निर्णय घ्या.

निघण्यापूर्वी मी स्वतः एवढं विचारते: छत पूर्ण आहे की बाजू उघड्या? लाइफगार्ड प्रत्येक पुलापाशी आहे की सगळीकडे मिळून एक? लाईट गेली तर जनरेटर कशाकशाला पुरतो? सर्वांत उथळ पूल किती खोल? ही उत्तरं ज्यांना पटकन देता येत नाहीत तिथे मी लहान मुलं नेत नाही.

कधी जावं?

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. मे महिन्यात मुंबईची भावंडं गावाला आलेली असतात, तेव्हा सगळीकडे गर्दी. गणपतीच्या आठवड्यात तर विचारही करू नका. चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरलेला असतो आणि घरातही कोणाला फुरसत नसते.

जुलैमधल्या एखाद्या साध्या सुट्टीचा दिवस उत्तम. मात्र हवामान खात्याने रेड अलर्ट दिला म्हणून शाळेला सुट्टी मिळाली असेल तर त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही. "पार्क तर छताखालीच आहे" हे मी ऐकलेलं आहे. पार्क छताखाली असेल, परशुराम घाट किंवा आंबा घाट छताखाली नाही. दरड कधी येईल सांगता येत नाही. रेल्वेने जाणार असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. गाड्या सावकाश चालवतात, त्यामुळे परतीची गाडी हाताशी वेळ ठेवून धरा.

कपडे कोणते? साडी, सलवार चालते का?

चालत नाही, आणि त्यांचा नियम बरोबर आहे. सुती कापडाचे तंतू पाण्यात सुटतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. शिवाय भिजलेली साडी किंवा ओढणी पायात गुंतते. नायलॉन किंवा लायक्राचा पोहण्याचा पोशाख लागतो. अंगभर झाकणारे, पूर्ण बाह्यांचे आणि पायघोळ पोशाखही मिळतात, त्यामुळे बायकांनी संकोचून बाहेर बसायचं कारण नाही. भाड्याने घेण्यापेक्षा स्वतःचा शिवून किंवा विकत घेऊन ठेवा, वर्षानुवर्षं टिकतो.

मुलांच्या कपड्यांचा रंग मात्र बघून घ्या. निळा, आकाशी, पांढरा नको. पुलाचा तळ निळा असतो आणि त्या पाण्यात निळा पोशाख घातलेलं मूल खाली गेलं तर दिसतच नाही. भडक नारिंगी, पोपटी, गुलाबी घ्या. मी वर्गातल्या मुलांच्या पालकांना पहिल्याच दिवशी हे सांगते.

दागिने, काळा दोरा, करदोटा?

सगळं घरी. मंगळसूत्र, पैंजण, बाळाचे वाळे, कमरेचा करदोटा, हातातला काळा दोरा. स्लाइडच्या जोडावर किंवा पुलाच्या तळाच्या जाळीत काहीही अडकू शकतं. करदोटा काढायला आजीची तयारी नसते हे मला माहीत आहे. तिला अडकण्याची भीती समजावून सांगा, ती ऐकते. लांब केस घट्ट बांधून टोपीत घाला.

पुलात उतरण्याआधी आंघोळ कशाला? घरून करूनच निघतो ना.

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इनडोअर पुलात शिरल्याबरोबर जो उग्र वास येतो त्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो आणि पाणी स्वच्छ आहे असं समजतो. खरं तर उलट आहे. चांगल्या राखलेल्या पुलाला फारसा वास येत नाही. घाम, लघवी, अंगावरचं तेल हे क्लोरीनशी मिसळलं की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. तो वास त्यांचा. डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, खोकला येतो, तेही त्यांच्यामुळे. शिवाय क्लोरीन त्यात खर्ची पडलं की जंतू मारायला कमी उरतं. उघड्या पुलावर वाऱ्याने ही वाफ उडून जाते. बंद सभागृहात ती पाण्याच्या लगतच साचते, नेमकी लहान मुलांच्या नाकाच्या उंचीवर.

घरून आंघोळ करून निघालात तरी तीन तासांच्या प्रवासात घाम आलेलाच असतो. उतरण्याआधी मिनिटभर शॉवरखाली उभं राहिलं तरी बराच फरक पडतो. आणि त्या दिवशी डोक्याला खोबरेल लावायचं नाही, बाळाला तेल चोळून आणायचं नाही, काजळ नाही. तेलाचा तवंग पुलाच्या कडेला चिकट रेघ होऊन बसतो. बोट फिरवून बघा, कळेल.

मुलांना तासाला एकदा बाहेर काढून शू करायला न्या. "पाण्यातच कर, कोणाला कळतंय" असं मोठी माणसं मुलांना सांगताना मी ऐकलं आहे. कृपा करून असं सांगू नका.

पाणी चांगलं आहे हे आपल्याला कसं ओळखता येईल?

काठावर उभं राहून तळ बघा. सर्वांत खोल भागातली तळाची जाळी स्वच्छ दिसली पाहिजे. दिसत नसेल तर उतरू नका, कारण बुडालेलं मूलही तसंच दिसणार नाही. जाळी जागेवर आणि पक्की बसवलेली हवी. बाजूची फरशी बुळबुळीत लागली तर देखभाल कमी आहे. पाण्यात मोकळं क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ असावा लागतो. चांगल्या ठिकाणी हे आकडे फलकावर लिहिलेले असतात, नसतील तर विचारायला संकोच करू नका.

आमची मुलं समुद्रात वाढली आहेत, त्यांना काय शिकवायचं?

किनाऱ्यावरच्या पालकांचा हा आत्मविश्वास मला आवडतो आणि त्याचीच काळजीही वाटते. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, त्यामुळे अंग जास्त तरंगतं. खारात सहज तरंगणारा मुलगा पुलात उतरला की खाली ओढल्यासारखं वाटतं म्हणतो आणि पहिली पाच मिनिटं गोंधळतो. विहिरीत उड्या मारणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गोड्या पाण्याची सवय असते, पण डोक्यावर उडी मारायची सवयही असते, आणि पार्कातला पूल चार फुटांचा असतो. मान मोडते. तेव्हा उडी नाही, सूर नाही, हे गाडीतच सांगून ठेवा.

लाटांच्या पुलातही तेच. मशीनची लाट समुद्रासारखी दिसली तरी तिथे चारी बाजूंना माणसं असतात. लाट सुरू झाली की गर्दी एकदम पुढे-मागे हलते आणि लहान मूल मोठ्यांच्या पायांमध्ये दिसेनासं होतं. भोंगा वाजला की लहानांना कडेला घ्या. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर धोक्याचे फलक वाचून आपण मुलांचा हात धरतो. इथेही तसाच धरा.

हवेची ट्यूब किंवा दंडातले फुगे घातले तर थोडा वेळ सोडलं तर चालेल ना?

नाही. ते खेळणं आहे. दंडातला फुगा ओल्या हातातून निसटतो, ट्यूब उलटते.

माझ्यासमोर घडलेला एक प्रसंग सांगते. चार वर्षांची मुलगी बदकाच्या ट्यूबमध्ये बसली होती, पाणी तिच्या बापाच्या मांडीइतकं. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे राहून मोठ्या मुलाचा स्लाइडवरचा व्हिडिओ काढत होते. ट्यूब कलंडली. आवाज झाला नाही. फक्त दोन तळपाय वर आणि बदकाची चोच बाजूला. काठावर बसलेल्या आजींनी पाहिलं आणि त्या हाक मारायच्याऐवजी साडीनिशी पाण्यात उतरल्या. मुलगी खोकली, रडली, सुखरूप राहिली. इतक्या जवळ असूनही बाबांना काही ऐकू आलं नव्हतं, कारण ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच.

बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. श्वास घ्यायचीच धडपड चाललेली असते, आवाज काढायला सवड नसते. डोकं मागे गेलेलं, तोंड पाण्याच्या पातळीला, नजर हरवलेली, पायांची हालचाल नाही. असं दिसलं की विचारायचं, "बरी आहेस ना?" उत्तर आलं नाही की उचलायचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. म्हणून २५ जुलै हा बुडणं टाळण्याचा जागतिक दिवस पाळतात, आपल्या ऐन पावसात.

मग लक्ष ठेवायचं कसं? आम्ही चौदा जण जातो.

चौदा जण गेले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून राखण वाटून द्या. एक मोठा माणूस, वीस मिनिटं, फक्त मुलांकडे डोळे. मोबाइल नाही, गप्पा नाहीत, चहा नाही. वेळ झाली की पुढच्याला नाव घेऊन सांगायचं, "काका, आता तुम्ही." काका "हो" म्हणेपर्यंत पहिल्याने हलायचं नाही. पोहता न येणाऱ्या मुलापाशी मात्र हात लांब केला की पोचेल इतक्या जवळ कोणीतरी पाण्यातच हवं. लाइफगार्ड असला तरी. त्याला शंभर माणसं बघायची असतात, तुम्हाला एकच.

स्लाइडसाठी वय लागतं की उंची?

उंची. मोठ्या स्लाइडला बहुतेक ठिकाणी १२० सेंटीमीटर, म्हणजे साधारण ४ फूट लागते, आणि वजनाचीही मर्यादा असते. टाचा उंच करून मुलाला पास करून घेऊ नका. आडवं झोपून, हात छातीवर, पाय पुढे. बाळाला मांडीवर घेऊन स्लाइडवर बसायचं नाही, कारण मोठ्याच्या वजनाने वेग वाढतो आणि बाळाचा पाय कडेला अडकून मोडतो.

गरोदर वहिनी, आजी-आजोबा यांचं काय?

गरोदरपणात स्लाइड आणि लाटांचा पूल नको. साध्या पाण्यात शांतपणे बसायचं तर डॉक्टरांना विचारून. हृदयविकार, पाठीचं दुखणं असणाऱ्यांनीही स्लाइड टाळावी. फिट येणाऱ्या मुलामागे स्वतंत्र माणूस हवा, पाण्यात, सतत.

आजींची सोय मात्र आधी बघा. बंद सभागृहात हवा दमट आणि उबदार असते, बाहेरच्यापेक्षाही जास्त. दिवसभर तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ज्येष्ठांना गरगरतं. बाहेर मोकळ्या हवेत बसायची जागा आहे का ते विचारा. ओल्या फरशीवर चालायला त्यांना खाचांच्या तळाची रबरी चप्पल द्या.

पाळी असेल तर?

पॅड पाण्यात उपयोगाचं नाही. टॅम्पॉन किंवा कप वापरणाऱ्या बिनधास्त जाऊ शकतात. मुलीला नको वाटत असेल तर तिला कारण विचारत बसू नका.

बाळाला नेता येईल का? जुलाब होऊन गेलेत, आता बरा आहे.

अगदी तान्ह्या बाळाला नको. चालत्या बाळाला पोहण्याचा डायपर लागतो. तो शी अडवतो, शू अडवत नाही, आणि शी झाली की लगेच बदलावा लागतो. पुलाच्या काठावर बदलू नका.

जुलाब चालू असताना कोणीही पाण्यात उतरायचं नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी योग्य प्रमाणातल्या क्लोरीनमध्येही सात दिवसांहून जास्त जगतो. त्याचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे थांबायचं. तिकिटं काढून झाली आहेत म्हणून आजारी मूल नेऊ नका. तुमचं बरं होईल, दुसऱ्याचं पडेल.

दमा आहे, नेऊ का?

वर सांगितलेला उग्र वास दारातच आला तर माघारी फिरा. वास नसेल तर पंप खिशात ठेवून थोडा वेळ.

वीज चमकायला लागली तर? लाईट गेली तर?

आपल्याकडे विजा जास्त मेमधल्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात. बाजू उघड्या असलेल्या शेडखालचा पूल असेल तर गडगडाट ऐकू आल्याबरोबर बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

लाईट जाणं हा आपला नेहमीचा अनुभव. अंधार झाला की लाइफगार्डला तळ दिसत नाही, म्हणून जनरेटर सुरू होईपर्यंत सगळ्यांनी काठावर. पंपही थांबलेला असतो, त्यामुळे गाळणं आणि क्लोरीन मिसळणं बंद. लाईट दोन मिनिटांत आली तर ठीक. दोन तासांनी आली तर मी त्या दिवशी पुन्हा उतरणार नाही.

खाण्यापिण्याचं?

बाहेरचं खाणं बहुधा आत नेऊ देत नाहीत, बाळाचं चालतं. निघताना हलकं खा. घावणे-चटणी गाडीत ठेवा, बाहेर आल्यावर मुलं तुटून पडतात. पाण्यात असलं तरी घाम येतोच, त्यामुळे मधूनमधून पाणी किंवा कोकम सरबत पाजा. पुलाचं पाणी तोंडात घेऊन चूळ उडवण्याचा खेळ बंद करा.

एवढं पाणी लागतं, मनाला पटत नाही.

पटू नये हे चांगलंच आहे. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर येतो, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पुलाचं पाणी रोज बदलत नाहीत. तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून फिरवतात. उडालेलं, वाफ झालेलं आणि फिल्टर धुताना गेलेलं तेवढं भरून काढतात. तरीही ते पाणी कुठून येतं हे विचारा. छपरावरचा पाऊस साठवणारी जागा असेल तर मी ती आधी निवडेन. आणि शेजारची वाडी टँकरची वाट बघत असताना मे महिन्यात जाण्यापेक्षा पावसाळ्यात जाणं मला योग्य वाटतं.

कोणी बुडालंच तर नेमकं काय करायचं?

ओरडून लाइफगार्डला बोलवा. पोहता येत नसेल तर उडी टाकू नका, ट्यूब, काठी, टॉवेल काहीतरी फेका. बाहेर काढल्यावर मुलाला पाय धरून उलटं फिरवू नका, पोट दाबून पाणी काढू नका. आपल्या गावांत अजून हे करतात आणि त्यात मोलाचा वेळ जातो, शिवाय पोटातलं फुप्फुसात जातं. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर दाब, आणि हे मदत येईपर्यंत थांबवायचं नाही. दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन करायचा. हे हाताने करून शिकायची संधी मिळाली तर घरातल्या एकाने तरी नक्की शिकून घ्या.

गुदमरलेलं मूल शुद्धीवर आलं, हसायला लागलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरी आल्यावर?

साबण लावून आंघोळ, कोरड्या टॉवेलने बोटांच्या बेचक्या आणि जांघा पुसणं. पावसाळ्यात गजकर्ण पसरायला वेळ लागत नाही, म्हणून टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. कानातलं पाणी मान कलती करून काढा, काडी घालू नका. पोशाख त्याच रात्री साध्या पाण्यात खळबळून पंख्याखाली टाका. पिशवीत राहिला तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि तो जात नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत कान दुखला, खोकला थांबेना किंवा जुलाब सुरू झाले तर डॉक्टरांकडे जाताना पुलात गेलो होतो हे आवर्जून सांगा, आणि पार्कवाल्यांनाही फोन करून कळवा.